समांतर रेषेचा स्लोप: माझा ३ येतोय, पुस्तकात ३/४ कसा काय?

खानापूरचा_पीयूवाला
नमस्कार सगळ्यांना. मी पीयूसी फर्स्ट इयर म्हणजे अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव खानापूर तालुक्यात, रोज बसनं बेळगावला ये-जा करतोय. आता सगळं इंग्लिशमधनं चालू झालंय आणि मधे मधे कन्नडातनं समजावतात, भाषेचं एक वेळ चालतंय, पण स्ट्रेट लाइन्सचा धडा लागल्यापासनं मी पार अडकलोय. दहावीला आम्हाला दोन बिंदूंतलं अंतर आणि विभाजनाचं सूत्र होतं, स्लोप हा शब्दच नव्हता, आणि इथं पहिल्या दिवसापासनं स्लोप स्लोप चाललंय आणि वर्गात सगळ्यांना ते आधीच येतंय असं धरून पुढं जातात.

गणित असं आहे: ३एक्स − ४वाय + ७ = ० या रेषेला समांतर आणि (२, −१) या बिंदूतनं जाणारी रेषा काढा.

मी काय केलं, समांतर म्हणजे स्लोप सारखा एवढं पाठ आहे, आणि एक्सच्या मागं जो आकडा असतोय तो स्लोप असं वहीत लिहून घेतलं होतं, म्हणून स्लोप ३ धरला. मग वाय + १ = ३(एक्स − २), म्हणजे ३एक्स − वाय − ७ = ०. पुस्तकात उत्तर ३एक्स − ४वाय − १० = ० आहे. तीनदा करून बघितलं, तेच येतंय. वर्गात विचारलं तर सगळे वळून बघतात म्हणून विचारलो नाही. कुठं चुकलंय तेवढं सांगा की कुणीतरी, आणि जमलं तर मराठीत सांगा.

टिळकवाडी_इंजिनिअरिंग
अरे सोपं आहे. एक्सच्या मागचा आकडा स्लोप हे फक्त वाय एकटा असतो तेव्हाच. वाय = एमएक्स + सी, यात एम म्हणजे स्लोप. तुझ्या समीकरणात वायच्या मागं −४ चिकटलाय, आधी तो सोडव. ४वाय = ३एक्स + ७, म्हणून वाय = (३/४)एक्स + ७/४. स्लोप ३/४. मग वाय + १ = (३/४)(एक्स − २), चारनं गुण, ४वाय + ४ = ३एक्स − ६, झालं ३एक्स − ४वाय − १० = ०.
शॉर्टकट पाहिजे तर ए एक्स + बी वाय + सी = ० मध्ये स्लोप = −ए/बी. इथं −३/−४, म्हणजे ३/४. चिन्हाकडं लक्ष दे, वर्गातली निम्मी पोरं तिथंच मार खातात. स्लोप सारखे म्हणजे रेषा समांतर, एवढं लक्षात ठेव बास.

खानापूरचा_पीयूवाला
थँक्यू दादा, चूक कळली. पण खरं सांगू काय, −ए/बी मी पाठ करीन आणि उद्या दुसरं काही आलं की परत अडकीन. हा ३/४ म्हणजे नेमकं काय आहे ते डोळ्यासमोर येईना. आणि स्लोप सारखा असला की रेषा समांतर का होतात ते पण कुणी सांगितलं नाही, डायरेक्ट बोर्डावर एम१ = एम२ लिहून खाली अधोरेखित केलं आणि पुढचं गणित.

येळ्ळूरचा_मास्तर
बाळ, तुझा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालोय, आमच्या वेळी एक्स-वायच्या जागी क्ष आणि य लिहायचो, पण तुला सवय आहे तसंच लिहितो.

स्लोपला मराठीत चढ म्हणतात. हा शब्द मला इंग्रजीपेक्षा जवळचा वाटतो कारण त्यात काय करायचं तेच सांगितलंय. डावीकडून उजवीकडं चालत जा आणि बघ किती चढलास. आडवं किती गेलास आणि उभं किती चढलास, उभं भागिले आडवं. तुझी रेषा घे, ३एक्स − ४वाय + ७ = ०. एक्स = −१ घातलंस की वाय = १ येतो. एक्स = ३ घातलंस की वाय = ४. म्हणजे (−१, १) पासून (३, ४) पर्यंत. आडवं ४ घरं, उभं ३ घरं. हाच तुझा ३/४. आलेख वहीवर खरोखर मोज, नुसतं वाचू नको.

आता (२, −१) वर बोट ठेव. तिथून सुद्धा चार घरं उजवीकडं आणि तीन घरं वर जा, (६, २) वर येशील. मागं चार आणि खाली तीन गेलास तर (−२, −४). हे दोन्ही बिंदू पुस्तकातल्या उत्तरात घालून बघ, १८ − ८ − १० = ०, आणि −६ + १६ − १० = ०. बसतात. म्हणजे तू काय केलंस, तीच चाल दुसऱ्या जागेवरून चाललास. दोन माणसं वेगळ्या उंबऱ्यावरून निघाली आणि दोघांनीही दर चार पावलांना तीनच चढायचं असं ठरवलं तर ती एकमेकांना कशी भेटणार? वरचा सुरुवातीला जेवढा वर होता तेवढाच शेवटपर्यंत वर राहणार.

तुझ्या धड्यात हेच कोनानं सिद्ध केलेलं असेल. एम म्हणजे टॅन थीटा, थीटा हा रेषेनं एक्स-अक्षाशी केलेला कोन. तू एक्स-अक्षाला छेदिका समज. दोन समांतर रेषा आणि एक छेदिका, मग संगत कोन समान, हे तू शाळेत कितीदा केलंयस. कोन समान म्हणून टॅन समान, टॅन समान म्हणून चढ समान. उलट बाजूनं पण तसंच. म्हणजे एम१ = एम२ ही काही अकरावीत आकाशातनं पडलेली गोष्ट नाही, शाळेतलाच संगत कोन वेगळा शर्ट घालून आलाय.

आणि आणखी एक, हे तर तुला आवडेल. दहावीला दोन चलांतील रेषीय समीकरणांची जोडी होती, आठवतंय? ए१/ए२ = बी१/बी२ ≠ सी१/सी२ असेल तर उकल नाही, रेषा समांतर. आता ए१/ए२ = बी१/बी२ हे जरा फिरवून लिही, ए१/बी१ = ए२/बी२. दोन्हीकडं वजा लाव. −ए१/बी१ = −ए२/बी२. वरच्या मुलानं दिलेलं −ए/बी बघ आणि हे बघ. एम१ = एम२ च झालं की. तुला स्लोप शिकवला नव्हता असं तू म्हणतोस पण समांतर रेषांची अट तू मराठीतनं शिकून, पेपर लिहून, पास होऊन पुढं गेलायस. फक्त त्याचं नाव तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

खानापूरचा_पीयूवाला
सर हे वाचून मी जुनी वही काढली माळ्यावरनं. खरंच आहे तिथं, लाल पेननं चौकटीत लिहिलंय. वर्षभरापूर्वी मीच लिहिलेलं आणि मला वाटालतं हे सगळं नवीनच आहे. आलेखावर पण काढलो, चार आडवं तीन उभं, बरोबर बसतंय. माझी चुकीची रेषा पण काढून बघितलो, ती एकदम उभीच चढत गेली आणि वरच्या रेषेला जाऊन कापली. आधी आकृती काढली असती तर तिथंच कळलं असतं.

निपाणीची_अक्का
मी निपाणीत दहावी आणि पीयूची शिकवणी घेते. सरांनी छान सांगितलंय, पण इंजिनिअरिंगवाल्या भावानं जे शेवटी लिहिलंय, स्लोप सारखे म्हणजे समांतर एवढं लक्षात ठेव बास, ते तेवढ्यावर सोडू नकोस, कारण सीईटीला नेमकं तिथंच धरतात.

एक, ३एक्स − ४वाय + ७ = ० आणि ६एक्स − ८वाय + १४ = ० यांचा स्लोप काढ. दोन्हीचा ३/४. पण या दोन रेषाच नाहीत, एकच रेषा दोनदा लिहिलीय, दुसरीला दोननं भागलं की पहिली येते. म्हणून स्लोप जुळला की सी कडं पण बघायचं. दहावीच्या अटीत ते ≠ चं चिन्ह होतं ना, ते शोभेला नव्हतं.

दोन, एक्स = २ आणि एक्स = ५. दोन्ही सरळ उभ्या रेषा, लाइटच्या खांबासारख्या. समांतर आहेत काय? आहेत, डोळ्याला दिसतंय. स्लोप किती? आडवं शून्य गेलो आणि उभं कितीही गेलो, म्हणजे भागिले शून्य, स्लोप निघतच नाही. आमच्याकडं पोरं हमखास इथं शून्य लिहितात. शून्य स्लोप आडव्या रेषेचा, वाय = ३ सारखीचा, चढच नाही म्हणून शून्य. उभीचा स्लोप नसतोच. नसणं वेगळं आणि शून्य असणं वेगळं. म्हणून एम१ = एम२ हा नियम उभ्या नसलेल्या रेषांसाठीच आहे, तुझ्या पुस्तकात पण नॉन-व्हर्टिकल असा शब्द असणार, बहुतेक पोरं तो शब्द वगळून वाचतात.

आणि वेळ वाचवायचा असेल तर स्लोप काढायचीच गरज नाही. समांतर रेषेत ए आणि बी तेच ठेव, फक्त शेवटचा आकडा बदल. ३एक्स − ४वाय + के = ०. (२, −१) घाल, ६ + ४ + के = ०, के = −१०. दोन ओळीत संपलं. पण हे मी पोरांना आलेख काढल्याशिवाय सांगत नाही, तू काढलायस म्हणून सांगितलं.

हे एक करून दाखव: केएक्स + २वाय = ५ आणि ६एक्स + ४वाय = १ समांतर असतील तर के किती?

टिळकवाडी_इंजिनिअरिंग
अक्का बरोबर आहे तुमचं, उभ्या रेषेचं मी लिहायला पाहिजे होतं. एकाच रेषेचं पण.

खानापूरचा_पीयूवाला
अक्का, पहिलीचा स्लोप −के/२, दुसरीचा −६/४ म्हणजे −३/२. म्हणून के = ३. आणि तुम्ही सांगितलं तसं तपासलं पण, ३एक्स + २वाय = ५ ला दोननं गुणलं तर उजवीकडं १० येतंय आणि इथं १ आहे, म्हणजे एकच रेषा नाही, खरंच समांतर. बरोबर काय?

निपाणीची_अक्का
एकदम बरोबर. तपासलास ते जास्त आवडलं.

लोंढ्याचा_रूळवाला
मी काय कॉलेजला गेलेला माणूस नव्हं, रेल्वेत गँगमन होतो, लोंढा ते कॅसलरॉक आणि खाली कुळेंपर्यंतच्या घाटात पायी फिरण्यात नोकरी गेली. पोरानं वाचून दाखवलं म्हणून लिहायला सांगालोय, ही समांतरची गोष्ट आमच्या रोजच्या कामाची.

आमच्याकडं रुळाच्या कडेला चढाची पाटी असतीया, त्यावर आकडा. घाटात १ ला ३७ असा चढ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. तुमच्या भाषेत १/३७. ऐकायला काहीच वाटत नाही, कोनात मोजलं तर जेमतेम दीड अंश, पण मालगाडीला एवढ्या चढाला मागनं वेगळी इंजिनं लावावी लागत्यात. या पोराचा ३/४ चढ गाडीला जन्मात चढायचा नाही, तो जिन्याचा नाहीतर छपराचा चढ झाला.

मी सांगणार होतो ते वेगळं. दोन रूळ समांतर आहेत हे आम्ही कसं बघायचो? गेज लावून, म्हणजे दोन रुळांतलं अंतर मोजायची पट्टी. ब्रॉडगेजला आतल्या कडेपासनं आतल्या कडेपर्यंत १६७६ मिलिमीटर. ह्या घाटात आधी मीटर गेज होती, १००० मिलिमीटर, मग मोठी लाइन झाली. दोन रुळांतलं अंतर बदललं, घाटाचा चढ तोच राहिला. पण गेज लावताना ती रुळाला काटकोनातच धरावी लागतीया. नवीन माणूस घाईत तिरकी धरायचा, मग आकडा जास्त दाखवायचा आणि उगाच वाटायचं रूळ फाकलाय. समांतर रेषांतलं अंतर म्हणजे काटकोनातलं अंतर, तिरकं न्हवं. आणि वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उचललेला असतोय, तिथं हे सरळ रेषेचं गणित लावू नका.

येळ्ळूरचा_मास्तर
मामा, तुम्ही जे सांगितलंत ते पुढच्याच भागात येतं आणि ते या मुलाच्या गणितावरच करून दाखवतो. त्याच्या दोन रेषा, ३एक्स − ४वाय + ७ = ० आणि ३एक्स − ४वाय − १० = ०. एक्स = २ वर पहिलीची उंची १३/४, म्हणजे ३.२५, आणि दुसरीची −१. उभं मोजलं तर अंतर ४.२५. हे कुठल्याही एक्सवर मोज, ४.२५ च येणार, कारण चढ सारखा. पण हे झालं मामांची गेज तिरकी धरल्यासारखं. काटकोनातलं अंतर काढायचं तर शेवटच्या आकड्यांची वजाबाकी, ७ वजा −१० म्हणजे १७, भागिले ए वर्ग अधिक बी वर्ग याचं वर्गमूळ, ९ + १६ = २५, वर्गमूळ ५. १७/५ = ३.४. तिरक्यापेक्षा कमी. तीन, चार, पाचचा काटकोन त्रिकोण मधे लपलेला आहे म्हणून आकडे इतके सुटसुटीत आले. गवंडी गुण्या नसेल तेव्हा दोरीनं काटकोन काढतात तोच हा तीन-चार-पाच.

खानापूरचा_पीयूवाला
सर, मामा, अक्का, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मामांनी छपराचा चढ म्हटल्यावर माझं डोकं दुसरीकडंच गेलं. माझे बाबा सुतारकाम करतात, कौलारू घरांची लाकडं बसवतात. ते नेहमी म्हणतात फुटाला नऊ इंच उतार, आमच्याकडं पाऊस लई म्हणून. रात्री त्यांना विचारलो, फुटाला नऊ म्हणजे १२ इंच आडवं आणि ९ इंच उभं, ९/१२ म्हणजे ३/४. माझ्या गणितातलाच आकडा घरात डोक्यावर होता. बाबा उतार म्हणतात, सर चढ म्हणतात, कॉलेजातला कन्नड मित्र इळिजारु म्हणतोय, आकडा सगळ्यांचा एकच. बाबा वरनं खाली बघतात म्हणून उतार एवढंच.

मग मी विचारलो की पुढच्या पडवीचं छप्पर पण मोठ्या छपराला समांतर आहे काय. बाहेरनं बघितलं तर दोन्ही सारखीच वाटतात. ते म्हणाले नाही, पडवीला फुटाला सहाच इंच ठेवलाय. का म्हणून विचारलो तर म्हणाले तू काढून बघ की. मग त्यांच्याबरोबर टेप घेऊन मोजलो. भिंतीजवळ मोठं छप्पर जमिनीपासनं १० फुटावर, पडवीचं ९ फुटावर लागतंय, पडवी पाच फूट बाहेर आहे. भिंत म्हणजे वाय-अक्ष धरली, घराच्या आत एक्स अधिक, बाहेर वजा. मोठं छप्पर वाय = (३/४)एक्स + १०. पडवी वाय = (१/२)एक्स + ९.

पडवीला पण ३/४ च ठेवला असता तर दोन रेषा समांतर झाल्या असत्या, मधे कायम एक फूट उभं अंतर. पण पाच फुटावर पडवीची कड ९ − ३.७५, म्हणजे सव्वा पाच फुटावर आली असती, कुणाचंही डोकं आपटलं असतं. फुटाला सहा इंच ठेवल्यानं तीच कड साडेसहा फुटावर आहे. आणि स्लोप वेगळे म्हणून या दोन रेषा कुठंतरी भेटायला पाहिजेत, ते पण काढलो: (३/४)एक्स + १० = (१/२)एक्स + ९, एक्स = −४, वाय = ७. मोठं छप्पर भिंतीच्या बाहेर एकच फूट येतंय म्हणून खऱ्यात भेटत नाहीत, कागदावर वाढवलं की भेटतात. बाबांना आकृती दाखवलो, ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले हे चार फुटाचं मला माहीत नव्हतं.

सर, एकदा बघून सांगा, वजा चिन्ह बरोबर धरलंय काय मी?

येळ्ळूरचा_मास्तर
बरोबर धरलंयस. एक्स = −४ दोन्हीत घाल, −३ + १० = ७ आणि −२ + ९ = ७. आता याच आकृतीवर दोन छपरांमधला कोन काढ, टॅनचं सूत्र तुझ्या धड्यात पुढच्या पानावर असेल. उत्तर इथं टाक, मी उद्या सकाळी बघतो.

लोंढ्याचा_रूळवाला
पोरा, बाबांना नमस्कार सांग.